कात्री धारेला गेलीय

मावशींना ना भाऊ ना बहीण, त्यामुळे रक्ताच्या नात्यानं त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. पण ‘कात्री-कंगवा’ या ग्रुपवरच्या झाडून साऱ्या सलूनवाल्यांच्या त्या मावशी होत्या. कुणी लावलेला रंग गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हिरवा उतरला, मावशींना विचारा. वस्तऱ्यानं कान कापला गेला, मावशींना विचारा. नवऱ्याशी वाजलं तरी त्यांनाच विचारायचे, आता काय बोलायचं! आणि मावशी उत्तर द्यायच्या. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, ॲप्रनला हात पुसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, एका बोटानं टाइप करत.

दुकान त्यांचं इस्पितळाच्या रस्त्यावर, कोपऱ्याला. दोन खुर्च्या, खालच्या कडेला काळवंडलेला लांबलचक आरसा आणि केस धुवायचं एक बेसिन. बेसिनला मान टेकली की गार लागायची, म्हणून मावशींनी तिथं जुन्या टॉवेलची गादी शिवून बसवली होती. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा याच दुकानात त्या झाडू मारायला लागल्या. मग केस धुवायला लागल्या, मग हातात कात्री आली, आणि मालकीणबाई थकल्यावर दुकानच हातात आलं. लेकीला एकटीनं वाढवलं. साठी उलटल्यावर लेकीनं फोन घेऊन दिला, तर बघता बघता बाई ग्रुपच्या ॲडमिन होऊन बसल्या! शिकायची हौसच दांडगी. परदेशातली पोरं केसांना धुरकट रंग कसा देतात, ते व्हिडिओ बघून शिकल्या आणि शेजारच्या बेकरीवालीच्या डोक्यावर करून दाखवला. बेकरीवाली अजून नाराज आहे, पण रंग जमला होता.

ग्रुपवर मावशींचा दरारा होता तो त्यांच्या कुलपाचा. वाद तापला की त्या लिहायच्या, “पुरे झालं. कुलूप लावते.” आणि लावायच्या. कुलूप लागलं की त्या चर्चेखाली कुणाला एक अक्षर लिहिता यायचं नाही. आधी लिहिलेलं मात्र सगळ्यांना दिसत राहायचं. पुसून टाकणं मावशींना पटायचं नाही. “बोललात ना? मग राहू दे तिथंच,” म्हणायच्या. शिव्या तेवढ्या काढायच्या, बाकी सगळं ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता.

पण ग्रुप वगैरे झालं वरवरचं. मावशींचा जीव अडकला होता तो दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. तिथला भाडेकरू निघून गेला होता आणि तिथं लेक, जावई आणि नात राहायला येणार होते. संध्याकाळी शटर ओढलं की वर दिवा दिसावा, जिन्यात पोरीचे पाय वाजावेत, एवढंच बाईंना हवं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते. एकटीसाठी ताट कोण वाढून घेणार, म्हणून ओट्याशी उभ्या उभ्याच दोन घास पोटात ढकलायच्या. “आता ही येईल ना, मग बसून जेवेन,” असं भिंतीला सांगायच्या.

जावई बंदरावरचा. बंदरावरचे म्हणजे कोण, ते सांगायला हवं. बोटींवरून माल उतरवायला म्हणून ज्यांचे आजे-पणजे आणले, ते हे लोक. इथंच राहिले, इथंच मेले, मुलं इथलीच भाषा बोलायला लागली. रंग काळा आणि केस दाट, घट्ट कुरळे, एवढ्यावरून शहरानं त्यांना आजपर्यंत पाहुणेच ठेवलंय. लेकीनं त्यांच्यातल्या मुलाशी लग्न करते म्हटलं, तेव्हा मावशींनी रडारड केली नाही की आकांडतांडव केलं नाही. हौसेनं लग्न लावून दिलं. याचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता. खुर्चीत बसलेल्या बाईचे केस ओले करता करता, कुणी विचारलं नसताना, त्या सांगायच्या, “माझा जावई बंदरावरचा बरं का. मी नाही बाई कधी भेद केला.” जावई बस डेपोत मेकॅनिक. माणूस अबोल, पण हसरा. वरच्या खोल्या रंगवायला सुट्टीच्या दिवशी स्वतःची शिडी घेऊन आला होता आणि शीळ घालत दिवसभर भिंतींवर ब्रश ओढत होता.

नात सात-आठ वर्षांची, तोंडाची टकळी चालू ती चालूच. डोळे आजीचे, केस बापाचे. आजी अख्ख्या शहराचे केस कापायची, पण नातीच्या केसांना तिनं कधी कात्री लावली नाही. “मला त्या केसांचा हात नाही गं,” म्हणायची. पोरीचे केस लेक स्वतःच घरी विंचरायची.

आता धंद्यातली एक गोष्ट. नकोसं गिऱ्हाईक दारात आलं, म्हणजे दारू प्यायलेला, उवांनी भरलेलं डोकं, मागच्या वेळी भांडून गेलेला, तर त्याला ‘नाही’ म्हणायचं नाही. गोड हसायचं आणि म्हणायचं, “कात्री धारेला गेलीय हो.” धारवाला खरोखरच अधूनमधून येऊन कात्र्या घेऊन जातो, त्यामुळे समोरच्याला वाईट वाटत नाही, दुकानात तमाशा होत नाही. हे मावशींना मालकीणबाईंनी शिकवलं. आणि मालकीणबाईंनी दारुड्यांच्या बरोबरीनं, त्याच यादीत, त्याच आवाजात, बंदरावरच्यांनाही बसवलं होतं. मावशींनी ते जसंच्या तसं उचललं. ग्रुपवर नवीन पोरं आली की मावशी त्यांना हाच सल्ला द्यायच्या: कुणाचा अपमान करू नका, कात्री धारेला पाठवा. त्या सल्ल्याला मिळालेले लाल बदाम मोजायचे म्हटलं तर दिवस पुरला नसता.

आणि मग एका सकाळी ती पोस्ट आली.

लिहिणारी बंदरावरची एक केशकर्तनवाली होती. ग्रुपवर नवीन, आजवर कधी बोललेली नाही, फोटोच्या जागी नुसता एक रुंद दातांचा कंगवा. तिनं लिहिलं होतं: “माझं सलून बंदरावर आहे. सासऱ्यांना ऑपरेशनसाठी शहरातल्या इस्पितळात आणलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, डोक्यावरचे केस बारीक करून आणा. माझं सामान दुकानात, म्हणून जवळच्या सलूनमध्ये घेऊन गेले. पहिल्या दुकानात कात्री धारेला गेलेली. दुसऱ्या दुकानातही. तिसऱ्यातही. मी याच धंद्यातली आहे, त्याचा अर्थ मला कळतो. सासऱ्यांना कळत नव्हता. ते म्हणाले, धारवाल्याची चांदी आहे आज. तुम्हाला एवढंच विचारायचंय, हा भेद आहे की नाही?”

झालं! मोहोळ उठलं.

एक म्हणाला, वंशभेद म्हणजे द्वेष. मी कुणाचा द्वेष करत नाही, मला ते केस जमत नाहीत, विषय संपला. दुसरी म्हणाली, न जमणाऱ्या कामाला नाही म्हणणं हा तर प्रामाणिकपणा. एका तरण्या पोरानं विचारलं, मग सरळ ‘जमत नाही’ म्हणा की, कात्रीची थाप कशाला? त्याला दहाजणांनी सुनावलं की तोंडावर सांगितलं तर माणूस दुखावतो, म्हणून तर कात्री पुढे करायची, ही उलट माणुसकी झाली. केशकलेच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी भलामोठा परिच्छेद टाकला: पूर्वग्रह मनात असतो, तो सगळ्यांनाच असतो, वंशभेदाला मात्र सत्ता लागते, दोन खुर्च्यांच्या सलूनवाल्याकडे कसली आलीय सत्ता? हे वाचून दोन खुर्च्यांच्या तमाम सलूनवाल्यांना हायसं वाटलं. चमन नावानं लिहिणारा एक टकल्या सलूनवाला होता, ग्रुपचा विदूषक. तो म्हणाला, “मला तर सगळीच दुकानं परत पाठवतात. माझ्याविरुद्ध टक्कलभेद चाललाय, कुणीतरी मोर्चा काढा.” त्यावर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

या सगळ्यात बंदरावरचीनं मधेच एक ओळ लिहिली. “डोक्यावर नुसती मशीन फिरवायची होती. त्याला कसला हात लागतो? आणि मशीन कधीपासून धारेला जायला लागली?”

तिला कुणी उत्तर दिलं नाही. सगळे तिच्या ओळीच्या बाजूनं पुढे गेले आणि वंशभेदाची व्याख्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मावशी दुकानात बसून हे वाचत होत्या आणि त्यांच्या कानशिलांत रक्त चढत होतं. कारण तो म्हातारा त्यांना आठवत होता. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून दारात उभा होता, धाप लागली होती त्याला. मावशींनी गोड हसून कात्रीचं सांगितलं होतं, वर “बसा जरा, पाणी देऊ का?” असंही विचारलं होतं. किती सभ्यपणानं वागलो आपण! आणि ही बाई त्याला भेद म्हणते? बरं, म्हणते तर म्हणते, पण कुणाला? माझा जावई बंदरावरचा आहे! साऱ्या ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणाचा आहे, दाखवा!

ते दुसरं दुकान आपलंच, हे त्यांनी लिहिलं नाही. दुसरंच लिहिलं, आणि आयुष्यात लिहिलं नव्हतं एवढं लांब लिहिलं. “मी बोलणार नव्हते, पण आता बोलते. माझा जावई बंदरावरचा. ही माझी नात, माझा जीव की प्राण. तरी मी छातीवर हात ठेवून सांगते, हिच्या केसांना मी हात लावत नाही. एकदा कंगवा घातला तर माझा हात दिवसभर ठणकत होता, जीव मेटाकुटीला आला. म्हणून काय मी तिचा द्वेष करते? हात नसणं वेगळं आणि मनात भेद असणं वेगळं. भेद शोधणाऱ्यांनी आधी माझ्या मांडीवर कोण बसलंय ते बघावं.”

आणि खाली फोटो लावला. खोल्या रंगवायच्या दिवशी जावयानंच काढलेला. नात आजीच्या मांडीवर, नाकाला पांढरा रंग, केस मोकळे सुटलेले, तोंडभर हसू.

बदामांचा पाऊस पडला. “मावशी, डोळ्यांत पाणी आणलंत.” “याला म्हणतात उत्तर.” मॅडमनीसुद्धा लिहिलं की जिवंत उदाहरणापुढे व्याख्या फिक्या पडतात. मावशींनी फोन टेबलावर ठेवला, चहा टाकला, आणि गिऱ्हाईक नसलेल्या खुर्चीत बसून तो निवांत प्यायल्या. कितीतरी दिवसांनी त्या बसून काहीतरी खात-पीत होत्या.

मग हळूहळू लोकांचं लक्ष फोटोकडे गेलं. एकीनं लिहिलं, गोड आहे हो, पण रंग बापाचा घेतला बिचारीनं. दुसऱ्यानं लिहिलं, मावशी बरोबरच म्हणतात, असल्या जंगलात कोण शिरणार? तिसरा म्हणाला, एकदाच भादरून टाका, मोकळ्या व्हा. चमननं लिहिलं, “या डोक्यात गेलेली कात्री परत येत नसते, पोरगी कात्रीखाऊ आहे!” हसणारी तोंडं, त्याखाली आणखी हसणारी तोंडं.

मावशींना खटकलं. खटकलं नाही असं कसं म्हणू? पण शिवी तर कुणी दिली नव्हती. थट्टा होती, आपल्याच माणसांची, आपल्या बाजूच्या माणसांची. आणि तेवढ्यात बंदरावरचीचा शब्द आला, “मावशी, तो फोटो काढून टाका. मला काय म्हणायचं ते म्हणा. चर्चा राहू दे. पण पोरीचा फोटो आत्ता काढा.”

मावशींचा तोल गेला तो इथं. माझी नात, माझा फोटो, आणि ही कोण मला सांगणारी? त्यांनी एका बोटानं टाइप केलं, “पुरे झालं. कुलूप लावते.” लावलं. आणि वातावरण बिघडवल्याबद्दल त्या बाईला ग्रुपमधून काढून टाकलं. चर्चा बंद झाली. फोटो, रंग, जंगल, कात्रीखाऊ, सगळं जिथल्या तिथं राहिलं, आणि त्याला उत्तर द्यायची सोय उरली नाही.

पुढचा आठवडा मावशींचा पडद्यांत गेला. वरच्या खिडक्यांना पिवळे पडदे घ्यावेत की निळे, हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होत्या. लेकीचा फोन आला नव्हता, पण सामान बांधायच्या गडबडीत असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं.

लेक आली ती दुकान बंद असायच्या दिवशी, भर दुपारी. एकटीच. अर्धं शटर वर करून वाकून आत आली आणि उभीच राहिली.

“अगं ये ना, बस. पोरगी कुठाय?”

“घरी आहे. शाळेत जात नाही ती.”

“का? ताप आलाय?”

लेकीनं पर्समधून फोन काढला आणि आईसमोर धरला. तोच फोटो. खाली चमनचं वाक्य. पण हे ग्रुपवरचं नव्हतं, कुणीतरी स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे पाठवला होता, तिथून तो शाळेच्या पालकांत फिरला होता, आणि तिथून पोरांत.

“वर्गात तिला कात्रीखाऊ म्हणतात,” लेक म्हणाली. “डब्यातला चमचा लपवतात, खाईल म्हणून. एकानं डोक्यात पेन्सिली खोचल्या, परत येतात का बघायला. ती टोपी घालून बसते आता. जेवताना टोपी, झोपताना टोपी.”

मावशी उसळल्या. “त्या मेल्या टकल्याला मी... अगं, मी थोडंच तसं म्हटलं? माझं काय ते नीट वाच. मी तर तिची बाजू...”

“तुझं वाचलंय मी. तिनंही वाचलंय. मोठ्यानं, एकेक शब्द लावून वाचलं. मला विचारलं, आजीचा हात माझ्यामुळे ठणकत होता?”

“पण तो भेद नाही गं! तूच सांग, मी भेद करणारी बाई आहे? तुझं लग्न मी लावून दिलं. जावयाला मी कधी अरे-तुरे केलं नाही. भेद म्हणजे मनात द्वेष असायला लागतो, ते मॅडमसुद्धा...”

“आई.” लेकीचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “व्याख्या तुम्ही सगळे मिळून ठरवा. मला एकच सांग. साठी झाल्यावर तू फोनवर बघून धुरकट रंग शिकलीस. बेकरीवालीच्या डोक्यावर प्रयोग केलास. नवीन काही आलं की ते तुला शिकायचं असतं. माझी पोर जन्मल्यापासून तुझ्यासमोर आहे. तिचे केस शिकावेत असं तुला एकदाही का वाटलं नाही?”

मावशींनी तोंड उघडलं. आरशात त्यांना स्वतःचं उघडं तोंड दिसलं, तेव्हा त्यांनी ते मिटलं.

“आम्ही वर राहायला येत नाही,” लेक म्हणाली. “भाडेकरू बघ.” आणि शटरखालून वाकून निघून गेली.

मावशींनी त्याच मिनिटाला फोन घेतला आणि ती अख्खी चर्चा पुसून टाकली. आयुष्यातलं पहिलं पुसणं. पण पुसून काय जातं? स्क्रीनशॉट बाहेर फिरतच होते, आणि ग्रुपवर नवीनच गहजब झाला. मावशींनी का पुसलं? कुणाचा दबाव आला? आता आपल्याच ग्रुपवर मोकळेपणी बोलायचीही चोरी? मॅडमनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर परिच्छेद टाकला. मावशींनी लिहिलं, “चूक माझी होती. तो म्हातारा माझ्याच दारातून परत गेला. कात्री भिंतीवर टांगलेली होती.” त्याखाली लोकांनी सांत्वनाच्या ओळी लिहिल्या: मावशी, मनाला लावून घेऊ नका, तुमच्यासारख्या बाईला माफी मागायला लावली त्या लोकांनी, बघा किती पोचलेत. मावशींना काय म्हणायचं होतं ते कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. उदाहरण म्हणून नातीचं नाव मात्र पुढेही निघत राहिलं. मावशी ग्रुपमधून बाहेर पडल्या. चर्चा चालूच राहिली.

जावई शिडी न्यायला आला. वरच्या खोलीत गेला, एक राहिलेला कोपरा रंगवूनसुद्धा टाकला, आणि मग ब्रश आणि उरलेला रंग पिशवीत भरला. खाली येऊन दारात थांबला. मावशी म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही तरी काहीतरी बोला. शिव्या द्या मला.” तो म्हणाला, “नाही आई. येतो.” आणि शिडी खांद्यावर टाकून रस्त्यानं चालू लागला.

मग मावशींनी एक केलं. उशिरा केलं, पण केलं. बस धरून बंदरावर गेल्या आणि विचारत विचारत त्या बाईचं सलून गाठलं. अरुंद जागा, तीन खुर्च्या, तिन्ही भरलेल्या. ती बाई एका पोरीच्या केसांच्या बटा सोडवत होती. हात न थांबवता म्हणाली, “या. मी तुम्हाला ओळखलं होतं बरं का, पोस्ट लिहिली तेव्हाच. दुसरं दुकान तुमचं. नाव मुद्दाम नव्हतं घातलं.”

मावशींनी विचारलं, “सासरे कसे आहेत आता?”

“गेले. ऑपरेशन झालं आणि शुद्धीवरच आले नाहीत.”

खुर्चीतल्या पोरीनं मान वळवून मावशींकडे बघितलं. मावशी तिथंच उभ्या राहिल्या, खाऊ चोरताना पकडलेल्या पोरासारख्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मला हे केस शिकव.”

“नातीसाठी शिकताय की पुन्हा पोस्ट टाकायला?”

“नातीसाठी.”

बाईनं हातातली बट पुरती सोडवली. शेवटी म्हणाली, “माझ्या गिऱ्हाइकांना हात लावायचा नाही. माझं डोकं आहे, त्याच्यावर शिका.”

आणि मावशी शिकल्या. दर सुट्टीच्या दिवशी बस धरून जायच्या. हे केस ओले करून कापायचे नसतात, कारण वाळले की ते आखडतात आणि फसगत होते. बारीक दातांचा कंगवा घ्यायचाच नाही. मुळापासून ओढायचं नाही, टोकाकडून सुरुवात करायची, एकेक बट बोटांत धरून, खालून वर सोडवत न्यायची. मग दुखत नाही. विंचरणाऱ्याचा हातही ठणकत नाही. त्यात अवघड काहीच नव्हतं. धुरकट रंगापेक्षा कितीतरी सोपं होतं, आणि हे कळलं त्या दिवशी मावशी परतीच्या बसमध्ये तोंडावर रुमाल धरून रडल्या. ती बाई कधी त्यांच्याशी गोड बोलली नाही, पण तिनं शिकवण्यात कसूर केली नाही.

एक दिवस म्हणाली, “जमलं तुम्हाला. जा आता.”

मावशींनी पिशवीत रुंद कंगवा घेतला, पाण्याचा फवारा घेतला, तेलाची बाटली घेतली आणि लेकीच्या घरी गेल्या. आधी कळवलं नाही, कळवलं तर नको म्हणेल ही धास्ती. लेकीनं दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि बाजूला झाली. “ये. बस.” पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली.

आतून नात आली. उंच झाली होती. कानांवरून घट्ट ओढलेली लोकरी टोपी, आणि खोलीत एवढं उकडत होतं की तिच्या गालांवरून घामाचे ओघळ येत होते. पूर्वी धावत येऊन मांडीवर आदळायची. आता पलंगाच्या कडेला बसली, पाय जुळवून.

“आजी, तू बरी आहेस?”

“बरी आहे गं राणी.” त्यांनी पिशवीतून कंगवा काढला आणि दाखवला. “बघ, काय आणलंय. आजी शिकली. तुझे केस आता आजी विंचरणार. मोठे ठेवू, फुलवू, तुला हवं तसं कापू. काढतेस टोपी?”

पोरीनं आईकडे बघितलं. लेक खिडकीतून बाहेर बघत होती. पोरीनं मग आजीकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी टोपी आणखी खाली ओढली. रागानं नाही हो, राग असता तर मावशींनी तो ओंजळीत घेतला असता. आजाऱ्याशी बोलावं इतक्या समजूतदारपणे ती म्हणाली:

“नको आजी. तुला त्रास होईल.”

“नाही होत गं आता. खरंच नाही होत.”

“असू दे. मी आणि आई करतो आमचं.” मग तिला वाटलं असावं की आजीला वाईट वाटेल, म्हणून उठली. “थांब, मी तुझ्यासाठी पाणी आणते. लांबून आलीस ना?”

एका हातानं टोपी धरून आणि दुसऱ्या हातात पेला सांभाळत ती पाणी घेऊन आली. मावशींनी कंगवा परत पिशवीत ठेवला आणि ते पाणी प्यायल्या. दुसरं काय करणार होत्या?